बोटीआधी वही : पंचगंगाकाठच्या गावाची पूरतयारी

शिरोळ तालुक्यातील नदीकाठच्या एका गावातून तरुण मंडळाच्या कार्यकर्त्यांनी विचारले आहे की, वर्गणीतून शिल्लक राहिलेले आणि बाहेरगावी नोकरीला असलेल्यांनी पाठवलेले असे काही पैसे गाठीशी आहेत, २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत गाव पाण्याखाली गेले होते, तर त्या पैशांतून यांत्रिक बोट घ्यावी काय, आणि पूर ओसरल्यावर गावातील कुटुंबांना पुन्हा उभे राहण्यासाठी मंडळाने नेमके काय करावे. कृष्णा आणि पंचगंगेच्या काठावर पूरकाळात व त्यानंतरच्या पुनर्वसनात अनेक वर्षे काम केल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देणे मला योग्य वाटत नाही.

बोटीविषयी आधी सांगतो. बोट लागते, परंतु ती पहिली खरेदी नव्हे. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्ट २०१९ रोजी गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि १७ जणांचा जीव गेला. पाणी गावात आल्यावर घाबरलेली माणसे मिळेल त्या बोटीत चढतात, लाइफ जॅकेट पुरत नाहीत, आणि पाण्याखाली दडलेली झाडे, तारा व कुंपणे चालवणाऱ्याला दिसत नाहीत. म्हणून बोट घ्यायची झाल्यास तिच्यासोबत चालवणाऱ्या चौघांचे प्रशिक्षण, प्रत्येक जागेमागे एक लाइफ जॅकेट आणि दरवर्षी मे महिन्यात इंजिनाची दुरुस्ती यांचाही खर्च धरावा लागतो. तो परवडत नसेल तर नुसती बोट हा गावाला धोका आहे. त्याहून महत्त्वाचे असे की, ज्या दिवशी गावाला बोटीची गरज पडते, त्याच्या किमान एक दिवस आधी बहुतेक कुटुंबे कोरड्या रस्त्याने बाहेर पडू शकत होती. ती का पडली नाहीत, हे समजून घेणे हीच खरी पूर्वतयारी आहे.

आपल्याकडचा पूर महाड-चिपळूणसारखा नसतो. २२ जुलै २०२१ रोजी त्या शहरांत पाणी काही तासांत चढले आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळली. तिथल्या लोकांना मिळणारी सवड आणि आपल्याला मिळणारी सवड यांत फार अंतर आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी घेऊन पंचगंगा खाली येते, राधानगरी धरण भरले की त्याचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात, आणि हे सगळे पाणी नृसिंहवाडीला पोहोचते तेव्हा कोयना व वारणेचे पाणी घेऊन आलेली कृष्णा आधीच फुगलेली असेल तर पंचगंगेला पुढे वाट मिळत नाही. मग पाणी मागे तुंबते, शिवारात पसरते आणि आठ-आठ दिवस हलत नाही. म्हणजेच शिरोळ तालुक्यात पूर सावकाश येतो आणि त्याहून सावकाश जातो. येण्यातला सावकाशपणा आपल्याला सवड देतो. जाण्यातला सावकाशपणा भिंती, पिके आणि धान्य कुजवतो. तयारी या दोन्हींची करावी लागते.

सवड असूनही माणसे थांबतात, याचे पहिले कारण जुनी खूण हे आहे. २०१९ मध्ये कितीतरी घरांत ‘२००५ला पाणी आमच्या उंबऱ्याला लागले नव्हते’ हे वाक्य ऐकू येत होते आणि त्याच घरांत नंतर माळ्यापर्यंत पाणी चढले. कोल्हापूरला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या पलीकडे गेले. सांगलीला कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर इशारा पातळी ४० फूट व धोका पातळी ४५ फूट असून २०१९ मध्ये तिथे ५७ फुटांहून अधिक नोंद झाली. हे आकडे पावसाळ्यात रोज मोबाइलवर येतात, परंतु बंधाऱ्यावरच्या ४५ फुटांचा आपल्या गल्लीशी काय संबंध आहे, हे सर्वसामान्य माणसाला कोणी सांगत नाही.

तेवढे काम मंडळाने करावे, आणि ते जवळजवळ फुकट होते. २०१९ व २०२१ मध्ये कोणत्या तारखेला, कोणत्या वेळी, कोणत्या कोपऱ्यावर पाणी आले, हे गावातल्या वडीलधाऱ्यांना आणि तरुणांच्या मोबाइलमधल्या छायाचित्रांना विचारावे, आणि त्या वेळची बंधाऱ्यावरची व पुलावरची पातळी त्यासमोर मांडावी. मग विजेच्या खांबांवर आणि समाजमंदिराच्या भिंतीवर तेलरंगाने खुणा कराव्यात. यात सर्वांत मोलाची खूण घराची नसून रस्त्याची आहे. घरात पाणी शिरण्याच्या पुष्कळ आधी ओढ्यावरचा मोरीपूल बुडतो आणि गावाचा बाहेरचा रस्ता तुटतो. तो रस्ता ज्या पातळीला बंद होतो, त्याच्या दोन फूट आधी नदीकाठच्या गल्लीने निघायचे, असा ठराव ग्रामसभेतच करून ठेवावा. ऐन पावसात, रात्री, कोणा एका माणसाने ‘आता निघा’ म्हणण्यापेक्षा सर्वांनी उन्हाळ्यात मान्य केलेली खूण अधिक ऐकली जाते. तुमच्या गावाला दोन्ही नद्यांचे पाणी लागत असल्याने केवळ राजाराम बंधाऱ्यावर विसंबू नये; कृष्णेची पातळी चढती असताना पंचगंगा उतरली तरी गावातले पाणी उतरेलच असे नाही.

दुसरे कारण जनावरे हे आहे, आणि माझ्या मते तेच सर्वांत मोठे कारण आहे. गाभण म्हशीच्या दाव्याशी बसलेली, पाणी अंगणात आलेले असतानाही ‘हिला सोडून मी कुठे येऊ?’ असे विचारणारी आजी मी पाहिली आहे. तिला धोका समजत नव्हता असे मुळीच नाही. दिवसाला दोन वेळचे दूध हा त्या घराचा एकमेव रोख पैसा होता आणि म्हशीला घेऊन जायला तिला जागा दाखवलेली नव्हती. तिला उचलून बोटीत बसवणे हे आपले यश नव्हे. म्हशीसाठी जागा आधी ठरली असती तर ती आदल्या दिवशीच स्वतः चालत निघाली असती.

जनावरांची यादी करण्यासाठी घरोघर फिरण्याची गरज नाही, ती दूध संस्थेच्या सचिवाकडे जवळजवळ तयारच असते. तिच्यावरून कोणाकडे किती जनावरे, त्यांच्या कानातल्या बिल्ल्यांचे बारा अंकी क्रमांक, त्यांना नेणारा ट्रॅक्टर कोणाचा आणि उंचावरची जागा कोणती, हे लिहून घ्यावे. माळावरच्या शेतकऱ्याशी किंवा साखर कारखान्याच्या आवारासाठी संबंधितांशी मे महिन्यातच बोलणी करावीत. पावसाळ्यात उसाचे वाडे, म्हणजे शेंड्याचा चारा, मिळत नाही, हिरवा चारा पाण्याखाली असतो, म्हणून मुरघासाच्या (हवाबंद साठवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) पिशव्या आणि कडबा आधीच वर नेऊन ठेवावा. मंडळाच्या पैशांचा पहिला वाटा मी यासाठी काढीन. घटसर्प आणि फऱ्या यांचे लसीकरण पावसाळ्यापूर्वी पूर्ण झाले आहे ना, हे पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. आणि छावणीच्या ठिकाणी दूध संकलनाची गाडी येईल अशी व्यवस्था संस्थेकडून करून घ्यावी, कारण दूध विकले गेले तर त्या कुटुंबाचा हातखर्च पुरातही चालू राहतो.

आता वहीकडे येतो. प्रत्येक कुटुंबाला एक पान, असे साधे रजिस्टर असावे. त्यात माणसे किती, अंथरुणाला खिळलेले कोण, गरोदर कोण, तान्हे मूल आहे का, इन्सुलिन कोणाला लागते, डायलिसिसला कोण जाते, चाकाची खुर्ची लागते का, पुरात हे कुटुंब कोणत्या गावी कोणत्या पाहुण्यांकडे जाणार आणि तिथला फोन क्रमांक कोणता, हे लिहावे. आपल्या भागात निम्म्याहून अधिक लोक शाळेतल्या छावणीत न जाता पै-पाहुण्यांकडे जातात, असा माझा अनुभव आहे. अशी कुटुंबे सरकारी नोंदीत पुष्कळदा दिसत नाहीत. पाहुण्यांच्या घरी दहा दिवस काढल्यावर त्यांची अवघडलेली अवस्था कोणाच्या ध्यानात येत नाही आणि शिधावाटपही त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यांचा पत्ता वहीत असेल तर निदान एक फोन जाऊ शकतो. दर दहा-पंधरा घरांमागे एक पुरुष आणि एक स्त्री अशी जबाबदारी वाटून द्यावी. स्त्री असणे आवश्यक आहे, कारण मासिक पाळीचे कापड, गरोदरपणातला त्रास किंवा छावणीतल्या न्हाणीघराची अडचण कोणतीही बाई मंडळातल्या मुलाला सांगत नाही. आशा सेविका आणि बचत गटाच्या अध्यक्षा यांना सुरुवातीपासून बरोबर घ्यावे; यादीतील अर्धी माहिती त्यांना तोंडपाठ असते.

याच वहीत भाडेकरू, परगावचे कामगार, गायरानात राहणारी कुटुंबे आणि भूमिहीन शेतमजूर यांची नोंद विशेष काळजीने घ्यावी. याचे कारण पंचनाम्याच्या वेळी कळते. पूर ओसरल्यावर एका घरासमोर पंचनाम्याला आलेल्या कर्मचाऱ्यांनी ‘उतारा कोणाच्या नावे?’ असे विचारले, तेव्हा घरमालक इचलकरंजीत राहत होता आणि ज्या बाईची भांडी, अंथरूण, शिलाई यंत्र आणि पिठाची डबडी चिखलात अंगणात पडली होती, तिच्या हाती त्या पत्त्याचा एकही कागद नव्हता. कर्मचाऱ्यांना तिचे नुकसान डोळ्यांसमोर दिसत होते, पण लिहायचे कशाच्या आधारावर हा त्यांचाही प्रश्न होता. मे महिन्यातच ग्रामपंचायतीच्या शिक्क्याने आणि शेजाऱ्यांच्या सह्यांनी ‘हे कुटुंब या घरात राहते’ एवढी नोंद झालेली असेल तर तो प्रश्न दोन मिनिटांत सुटतो.

कागदपत्रांचे काम सोपे आहे, तरीही दरवेळी राहून जाते. आधार, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक, सातबारा, घराचा उतारा, मुलांचे शाळेचे दाखले, कर्जाची पुस्तिका आणि चालू औषधांची चिठ्ठी ही घट्ट बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत एकत्र असावीत आणि त्या सर्वांची छायाचित्रे बाहेरगावच्या एका नातेवाइकाच्या फोनवर पाठवून ठेवावीत. डिजिलॉकर वापरता येत असेल तर उत्तमच. घरातल्या प्रत्येक खोलीचे, शेतातल्या मोटरीचे आणि दुकान असल्यास मालाचे एक-एक छायाचित्र पावसाळ्यापूर्वी काढावे. शेतकऱ्यांनी ई-पीक पाहणीत पिकाची नोंद वेळेत करावी. घर सोडताना विजेचा मुख्य खटका बंद करावा आणि गॅसचे सिलिंडर बंद करून खांबाला बांधावे, कारण ते पाण्यावर तरंगत जाते.

पाणी उतरल्यानंतरचे पहिले तीन-चार दिवस धोक्याचे असतात. कच्च्या विटांच्या व मातीच्या भिंती पाण्यात असताना उभ्या राहतात आणि वाळू लागल्या की कोसळतात. म्हणून अशा घरात लगेच झोपायला जाऊ नये. रात्री घर उघडू नये, कोनाड्यांत आणि भांड्यांच्या उतरंडीत साप बसलेले असतात. वीज जोडणी महावितरणच्या माणसाने पाहिल्याशिवाय खटका दाबू नये. त्यानंतर गाळ. तो ओला असेतो फावड्याने आणि पाण्याच्या झोताने निघतो. वाळला की खणावा लागतो. बरेच लोक पंचनामा होईपर्यंत घर तसेच ठेवतात आणि त्यात गाळ वाळून जातो. माझा सल्ला असा की, भिंतीवरची पाण्याची रेषा आणि खराब झालेले सामान यांची छायाचित्रे घ्यावीत, टाकून देण्याच्या वस्तूंची यादी करून तिच्यावर दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात, आणि लगेच सफाईला लागावे. हाता-पायाला जखम असेल तर ती झाकून आणि गमबूट घालूनच गाळात उतरावे, कारण लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग जखमेतून होतो. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत कोणाला ताप आला तर अंगावर न काढता प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन ‘पुराच्या पाण्यात वावरलो होतो’ असे सांगावे. प्रतिबंधक गोळ्याही तेथील डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. विहिरी व टाक्या उपसून टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीने निर्जंतुक केल्यानंतर जलसुरक्षकाने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातील क्लोरिनची तपासणी, करून दाखवावी, तोवर पाणी उकळूनच प्यावे.

पंचनामा तलाठी, ग्रामसेवक आणि शेतीसाठी कृषी सहायक यांच्या सह्यांनी होतो. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरलेल्या निकषांनुसार सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या घरासाठी १ लाख २० हजार रुपये, दुभत्या गाय-म्हशीसाठी ३७ हजार ५०० रुपये, बैलासाठी ३२ हजार रुपये, शेळी-मेंढीसाठी ४ हजार रुपये आणि कपडे व भांडी यांसाठी प्रत्येकी २ हजार ५०० रुपये अशी मदत ठरवलेली होती. पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा अधिक असावे लागते. राज्य शासन वेळोवेळी यात भर घालते, म्हणून त्या-त्या वर्षीचा शासन निर्णय मंडळाने डाउनलोड करून त्यातील रकमा फलकावर लिहाव्यात. जनावर मेले असल्यास पुरण्यापूर्वी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलवावे. पंचनाम्यानंतरही पैसे अडतात ते बहुधा बँक खाते आधारशी जोडलेले नसल्याने, खाते बंद पडल्याने किंवा ई-केवायसी राहिल्याने. मंडळातील दोन मुले लॅपटॉप घेऊन आठवडाभर चावडीत बसली आणि प्रत्येक कुटुंबाच्या पानावर ‘पंचनामा झाला, यादीत नाव आले, पैसे जमा झाले’ अशा खुणा करत गेली, तर त्या आठवड्याचे मोल बोटीपेक्षा कमी नाही.

मदतीच्या सामानाविषयी थोडेच सांगतो. २०१९ मध्ये राज्यभरातून लोकांनी मनापासून पाठवले, पण गावोगावी जुन्या कपड्यांचे ढीग पडून राहिले आणि फावडी, घमेली, खराटे, ताडपत्री, नवी अंथरुणे व स्वयंपाकाची भांडी मात्र कमी पडली. शिवाय महामार्गालगतच्या गावांना चार-चार ट्रक मिळाले आणि आतल्या वस्त्यांवर एकही पोहोचला नाही. वहीवरून गरजेची यादी तयार करून ती रोज सकाळी एकाच क्रमांकावरून बाहेर पाठवावी, आणि वाटप ग्रामपंचायतीसमोर नव्हे तर वस्तीवर जाऊन करावे.

पुनर्वसनाची खरी कसोटी तिसऱ्या महिन्यात लागते. तोवर ट्रक थांबलेले असतात, वर्तमानपत्रांचे लक्ष दुसरीकडे गेलेले असते, सोयाबीन व भुईमूग गेलेले असतात, आणि शेंडा बुडालेला ऊस कुजल्याने पुढच्या हंगामाच्या बिलाचीही आशा नसते. शेतकऱ्याला निदान हेक्टरी मदत मिळते. त्याच्या शेतात राबणाऱ्या बाईच्या बुडालेल्या मजुरीचा पंचनामा कोणत्याच नमुन्यात होत नाही, आणि याची मला दरवेळी चीड येते. तिच्या दारात मायक्रोफायनान्सचा वसुली करणारा मात्र ठरल्या वारी येतो. नैसर्गिक आपत्तीत कर्जाच्या पुनर्गठनासंबंधी रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत; त्यांचा आधार घेऊन हप्ते पुढे ढकलण्याचा अर्ज गटागटाने, लेखी आणि पोचपावती घेऊन करावा, तोंडी विनंतीवर राहू नये. मंडळाच्या पैशांचा दुसरा वाटा ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातील बचत गटांच्या संघाच्या, महिलांकडे फिरत्या निधीच्या रूपाने ठेवावा आणि त्यातून दोन-पाच हजारांपर्यंतची बिनव्याजी उचल शिलाई यंत्र, भाजीची गाडी, शेळी किंवा मुलाच्या फीसाठी द्यावी. ही रक्कम लहान वाटेल, परंतु सावकाराकडे जाण्याची पहिली वेळ टळते. पाऊस सुरू झाला की झोप न लागणारी, पुन्हा पुन्हा नदीवर जाऊन पाणी पाहणारी माणसे गावात असतील. त्यांच्याकडे वहीतल्या जबाबदार व्यक्तीने जाऊन बसावे आणि गरज वाटल्यास टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या विनाशुल्क क्रमांकावर त्यांचे बोलणे करून द्यावे.

एवढे झाल्यावर पैसे उरले आणि शेजारची दोन गावे खर्चात सहभागी होणार असतील, तर बोट जरूर घ्यावी. तिचा उपयोग मागे राहिलेल्या मोजक्या माणसांसाठी, औषधांसाठी आणि वीज दुरुस्तीच्या कर्मचाऱ्यांसाठी होईल. त्याआधी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वहीचे काम सुरू करावे आणि पावसाळ्याच्या तोंडावर एका रविवारी नदीकाठच्या एकाच गल्लीची, जनावरांसह, माळापर्यंत रंगीत तालीम घ्यावी. ट्रॅक्टर कोठे अडतो आणि कोणाची म्हैस चढावर बसते, हे त्या एका सकाळीच कळते. वही तयार झाली की तिच्या तीन प्रती काढाव्यात : एक तहसील कार्यालयात, एक आरोग्य उपकेंद्रात, आणि एक ज्या गावात तुमची बहुसंख्य माणसे व जनावरे जाणार आहेत त्या गावाच्या सरपंचांकडे. २०१९ मध्ये शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद होता आणि बाहेरची मदत येईपर्यंत शेजारच्या गावांनीच भाकऱ्या पुरवल्या. किती माणसांच्या आणि किती दिवसांच्या भाकऱ्या लागतील हे त्या गावाला जूनपूर्वी कळले, तर तेथील बायकांनाही पीठ दळून ठेवायला वेळ मिळतो.